कॅसेटींवरच्या मुंग्या : नॉइज फिल्टर निवडतानाचा अनुभव

नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या नाट्यमंडळाच्या कार्यालयात, एका लोखंडी कपाटात, १९८८ ते १९९६ या काळातील चौदा व्हीएचएस कॅसेटी ठेवलेल्या होत्या. त्यांत वार्षिक नाट्यप्रयोग होते, तालमी होत्या, काही सत्कार समारंभ होते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे पुतळे घेऊन निघणाऱ्या मारबतीच्या दोन मिरवणुकाही होत्या. या सगळ्यांचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम मी नोव्हेंबर २०२३ मध्ये हाती घेतले आणि ते ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाले. कॅसेट चालवून संगणकात उतरवणे वेळखाऊ असले तरी सरळ होते. खरा पेच त्यानंतर पडला. चित्रभर वळवळणाऱ्या मुंग्या, म्हणजे नॉइज, कमी करण्यासाठी संगणकातील कोणता फिल्टर लावायचा आणि तो किती जोराने चालवायचा, याचा निर्णय प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा घ्यावा लागला. घरोघरी लग्नामुंजींच्या अशा कॅसेटी अजून आहेत, त्यामुळे हा सारा प्रवास खर्च आणि सेटिंगसह लिहून ठेवत आहे.

कॅसेटी संस्थेच्या मालकीच्या असल्यामुळे त्या घरी नेण्यास कार्यकारिणीची लेखी परवानगी लागत होती. मी २० नोव्हेंबरला अर्ज दिला. सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरते, म्हणून १० डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. ठराव मंजूर झाला तो काही अटींसह : १०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर हमीपत्र द्यायचे, एका वेळी पाचच कॅसेटी न्यायच्या, आवक-जावक नोंदवहीत प्रत्येक कॅसेटचा क्रमांक आणि तिच्या लेबलवरचा मजकूर लिहून सही करायची, आणि कोणताही भाग इंटरनेटवर टाकण्यापूर्वी वेगळी परवानगी घ्यायची. अर्जासोबत मी कॅसेटींची यादी आणि कामाची पद्धत जोडली होती, त्यामुळे सभेत प्रश्न कमी निघाले. असा अर्ज करणाऱ्या कोणालाही मी हेच सुचवेन. एक प्रश्न मात्र सर्वांच्याच ओठांवर होता. सचिव काकूंनी तो विचारला : "चित्र अगदी स्वच्छ करून देशील ना गं?" मी इतिवृत्तात असे नोंदवून घेतले की, फिल्टर न लावलेली मूळ प्रत आणि फिल्टर लावलेली पाहण्याची प्रत अशा दोन्ही प्रती मंडळाला दिल्या जातील. या एका वाक्याने पुढे फार मोठा आधार दिला, कारण मूळ प्रत सुरक्षित असेल तर फिल्टरबाबतचा कोणताही निर्णय पुन्हा बदलता येतो.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका स्टुडिओत चौकशी केली, तेव्हा प्रति कॅसेट ५०० रुपयांत डीव्हीडी करून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. एखाद-दुसरी कॅसेट असेल तर हा मार्ग स्वस्त पडतो. फक्त फिल्टर न लावलेली मूळ फाइल मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. डीव्हीडीसाठी चित्र एमपेग-२ मध्ये बरेच दाबले जाते, आणि मुंग्यांनी भरलेले चित्र दाबले की चौकटी-चौकटींचे ठिपके उमटतात. ते एकदा चित्रात मिसळले की नंतर कोणत्याही फिल्टरने नीट निघत नाहीत. आम्हाला तर मूळ प्रत जपायचीच होती, म्हणून मी स्वतः काम करायचे ठरवले.

ओळखीतून एक जुना व्हीसीआर ३,५०० रुपयांना मिळाला. त्याचे रबरी पट्टे सैल झाले होते. नवे पट्टे यायला जानेवारीचा शेवट उजाडला आणि दुरुस्तीचे १,६०० रुपये झाले. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी यंत्र परत देताना सांगितलेले एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले : "ताई, आधी हेड साफ, मग ट्रॅकिंग, आणि त्यानंतरच कॅसेटला नावं ठेवायची." हेड म्हणजे फीत वाचणारा भाग आणि ट्रॅकिंग म्हणजे फितीवरील संकेताशी त्याची जुळणी. दादांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. एका नाटकाच्या कॅसेटवर दिसणारा दाट पांढरा सडा हेड साफ केल्यावर आणि ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवल्यावर निम्म्याहून कमी झाला. संगणकातला फिल्टर जे काढतो त्यासोबत चित्राचाही थोडा अंश जातो. हेड साफ करून आणि ट्रॅकिंग जुळवून जे निघते त्याची अशी किंमत मोजावी लागत नाही. एका कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी होती. ती तशीच यंत्रात घातली असती तर हेड खराब होऊन बुरशी इतर कॅसेटींनाही लागली असती. दादांनी ती उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली आणि ४०० रुपये घेतले.

व्हीसीआरचे चित्र संगणकात उतरवणारे कॅप्चरचे उपकरण २,२०० रुपयांना घेतले. आपल्याकडील कॅसेटी पाल पद्धतीच्या असतात : सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एक सम ओळींचे, एक विषम ओळींचे), दृश्य ओळी ५७६. मी ७२० बाय ५७६ या मापात, इंटरलेस्ड, म्हणजे दोन फील्ड गुंफलेले, स्वरूप तसेच ठेवून, एफएफव्ही१ या, चित्रातले काहीही न गमावता दाबणाऱ्या (लॉसलेस) कोडेकमध्ये फाइल साठवली. दाब अजिबात न देता हेच चित्र तासाला सुमारे ७५ जीबी जागा घेते. एफएफव्ही१ मध्ये मला तासाला साधारण ३० जीबी लागले. ई-१८० कॅसेट तीन तासांची असते, त्यामुळे २ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, त्यांचे ११,६०० रुपये झाले. फेब्रुवारी आणि मार्च हे महिने उतरवण्यात गेले. या टप्प्यावर उपकरणासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधील "नॉइज रिडक्शन" आणि "शार्पनेस" हे दोन्ही पर्याय शोधून बंद करावेत. ते मूळ प्रतीतच बदल करून ठेवतात.

आता मुंग्यांविषयी. पडद्यावर त्या सरसकट सारख्या दिसतात, पण फ्रेम थांबवून मोठी करून पाहिली की त्यांच्या जाती वेगळ्या होतात. एक असतो उजेडातला बारीक दाणा, ज्याला ल्यूमा नॉइज म्हणतात. दुसरे असतात रंगांचे डाग, म्हणजे क्रोमा नॉइज. काळ्या पडद्यावर लालसर-निळसर ढग सावकाश सरकताना दिसतात ते हेच. व्हीएचएसमध्ये रंगाचा संकेत सुमारे ६२७ किलोहर्ट्झच्या खालच्या वाहक लहरीवर उतरवून अगदी अरुंद पट्ट्यात साठवला जातो, त्यामुळे रंगात बारकावा मुळातच कमी असतो आणि गोंधळ जास्त. यातून माझ्या कामाचे मुख्य सूत्र निघाले : रंगाचा फिल्टर जोरात चालवला तरी फारसे काही हरवत नाही, कारण तेथे हरवण्याजोगे थोडेच असते; उजेडाच्या फिल्टरला मात्र हात आखडता ठेवावा, कारण चेहरे, कापडाचा पोत आणि अक्षरे हे सगळे उजेडातच असते. याशिवाय फितीचा लेप उडाल्याने क्षणभर चमकणाऱ्या आडव्या पांढऱ्या रेघा असतात आणि चित्राच्या अगदी तळाशी हेड बदलताना उमटणारी विस्कटलेली पट्टी असते. या दोहोंवर नॉइज फिल्टरचा उपयोग होत नाही. तळाची पट्टी मी पाहण्याच्या प्रतीत कापली. रेघा राहू दिल्या.

फिल्टरच्या आधी डीइंटरलेस करणे, म्हणजे गुंफलेली फील्ड सोडवून पूर्ण फ्रेम बनवणे, आवश्यक असते. एका फ्रेममधील सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात, त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. नॉइज फिल्टर आधी लावला तर तो या दात्यांनाच नॉइज समजून पुसू लागतो. हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचे मोफत सॉफ्टवेअर हा क्रम आपोआप पाळते. एफएफएमपेग या, आज्ञा लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आपणच पाळायचा. मी बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर बॉब पद्धतीने वापरला, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम होऊन सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि कॅसेटवरची मूळ हालचाल तशीच राहते. कॅसेट इंटरलेस्ड आहे हे नक्की माहीत असल्याने हँडब्रेकमधील इंटरलेस ओळखण्याचा पर्याय मी बंद ठेवला, कारण तो चालू असला की त्याला स्वच्छ वाटलेल्या फ्रेम डीइंटरलेस न होता पुढे जातात.

हँडब्रेकमध्ये नॉइजसाठी दोन फिल्टर मिळतात, एचक्यूडीएन३डी आणि एनएलमीन्स, आणि एका वेळी त्यांतला एकच लावता येतो. एचक्यूडीएन३डी हा जुना आणि अतिशय वेगवान आहे. तो शेजारच्या बिंदूंची आणि मागच्या फ्रेममधील त्याच जागेची सरासरी घेत जातो. त्याला चार आकडे द्यावे लागतात : उजेडाची जागेतील सरासरी, रंगाची जागेतील सरासरी, उजेडाची काळातील सरासरी आणि रंगाची काळातील सरासरी. एफएफएमपेगमध्ये त्यांची मूळ मूल्ये ४, ३, ६ आणि ४.५ अशी आहेत. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. एखादा भाग बंद करण्यासाठी शून्य लिहिले, तर एफएफएमपेग ते "आकडा दिलेला नाही" असे समजून स्वतःचे मूल्य वापरतो. म्हणून शून्याऐवजी ०.१ सारखा लहान आकडा लिहावा. एनएलमीन्स ही पद्धत बुआडेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये मांडली. ती चित्राचा लहानसा तुकडा घेते, त्याच्यासारखे दिसणारे तुकडे आसपास शोधते आणि त्यांची सरासरी काढते, त्यामुळे कडा बऱ्याच शाबूत राहतात. एफएफएमपेगमधील एनएलमीन्स एकाच फ्रेममध्ये शोध घेतो, तर हँडब्रेकमधील लगतच्या फ्रेमही पाहतो. कॅसेटसाठी मला हँडब्रेकचा अधिक भावला. त्याला जोर ठरवणारे प्रीसेट ("अल्ट्रालाइट", "लाइट", "मीडियम", "स्ट्राँग") आहेत आणि शिवाय चित्राच्या प्रकाराप्रमाणे निवडायचे ट्यून आहेत. त्यांतील "टेप" हा कमी तपशिलाच्या ॲनालॉग फितींसाठी आहे, "ग्रेन" फक्त रंगावर काम करून उजेडाचा दाणा तसाच ठेवतो, आणि "हाय मोशन" वेगवान हालचालीत रंग फरफटणे कमी करतो.

चाचणीसाठी मी पूर्ण कॅसेट कधीच घेतली नाही. प्रत्येक कॅसेटमधून दहा-दहा सेकंदांचे चार अवघड तुकडे काढले : एक चेहऱ्याचा जवळचा, एक अंधाराचा, एक वेगवान हालचालीचा आणि एक बारीक पोताचा. सोप्या तुकड्यावर कोणताही फिल्टर चांगलाच दिसतो. थांबवलेल्या फ्रेमवरूनही निर्णय घेऊ नये. थांबलेले चित्र जितके स्वच्छ तितके डोळ्याला आवडते, आणि दोष दिसतो तो चित्र हलू लागल्यावर. काळातील सरासरी जास्त झाली की हातामागे त्याचीच फिकट सावली ओढली जाते. जागेतील सरासरी जास्त झाली की चेहरा गुळगुळीत होतो.

सर्वांत उपयोगी पडली ती फरकाची चाचणी. मूळ तुकड्यातून फिल्टर केलेला तुकडा वजा करून जे उरते ते उजळ करून पाहायचे. एफएफएमपेगमधील ब्लेंड फिल्टरने हे जमते. उरलेल्या चित्रात नुसता सडा दिसला तर फिल्टर नॉइजच काढत आहे. आकृती दिसू लागली तर चित्र जात आहे. १९९१ च्या एका नाटकात तेव्हा पंचविशीत असलेल्या नटाने म्हाताऱ्याची भूमिका केली होती आणि रंगभूषेत त्याच्या कपाळावर पेन्सिलने सुरकुत्या काढल्या होत्या. एनएलमीन्स "स्ट्राँग" लावून फरक पाहिला, तर करड्या सड्यात त्या तीन आडव्या रेघा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातील बारीक फटकारे स्पष्ट उमटलेले होते. म्हणजे फिल्टरने म्हाताऱ्याला पुन्हा तरुण केले होते. "मीडियम"वर रेघा पुसट दिसल्या. "अल्ट्रालाइट" आणि "टेप" ट्यूनवर फक्त सडा उरला, आणि रंगमंचावरील जवळच्या दृश्यांसाठी मी तेथेच थांबले.

एप्रिलमध्ये, पाडव्यानंतरच्या सभेत, मी याच तुकड्याच्या तीन आवृत्त्या नावे न सांगता मोठ्या टीव्हीवर दाखवल्या. पहिल्या नजरेत बहुतेकांनी सर्वांत गुळगुळीत आवृत्ती निवडली. मग ती भूमिका करणारे काका, जे आता साठीकडे झुकले आहेत, म्हणाले, "या दुसऱ्यात माझ्या सुरकुत्या दिसतात. त्या काढायला रंगभूषाकारानं तासभर घेतला होता. हीच ठेवा." सभेने तसे इतिवृत्तात लिहिले. ज्यांच्यासाठी काम करतो आहोत त्यांना असे तुकडे आधी दाखवावेत. ज्यांनी तो प्रयोग डोळ्यांनी पाहिला आहे त्यांना काय हरवले हे आपल्याआधी कळते.

बाकीच्या कॅसेटींचे निर्णय याच पद्धतीने झाले. सत्कार समारंभांत कॅमेरा तिपाईवर स्थिर होता आणि माणसे फारशी हलत नव्हती, म्हणून तेथे एचक्यूडीएन३डी १, ३, ४, ६ या आकड्यांनी पुरेसा ठरला. दोन तालमी इतक्या अंधारात टिपलेल्या होत्या की कॅमेऱ्याने संकेत वाढवताना स्वतःचाच दाणा भरून टाकला होता. तेथे "लाइट" आणि "ग्रेन" लावून फक्त रंगांचे डाग काढले आणि उजेडाचा दाणा राहू दिला. मारबतीच्या मिरवणुकीने सर्वाधिक वेळ घेतला. हलणारी गर्दी, हातात धरलेला कॅमेरा आणि मारबतीभोवती नाचणारी पोरे. तेथे एचक्यूडीएन३डीच्या काळातील सरासरीने नाचणाऱ्यांच्या हातांमागे सावल्या ओढल्या, म्हणून एनएलमीन्स "अल्ट्रालाइट" आणि "हाय मोशन" ही जोडी घेतली.

एन्कोडिंग, म्हणजे फिल्टर लावून पाहण्याची फाइल बनवणे, मे महिन्यात आले. एनएलमीन्स संगणकाला दमवतो. तीन तासांच्या कॅसेटच्या सेकंदाला ५० प्रमाणे ५,४०,००० फ्रेम होतात आणि माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला पंधरा फ्रेमच्या आसपास वेग मिळत होता, म्हणजे एका कॅसेटला दहा तास. नागपुरात पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारी लॅपटॉप तापून आपला वेग आणखी उतरवतो, म्हणून मी काम रात्री दहानंतर लावत असे. कूलर सुरू असलेल्या खोलीत लॅपटॉप चालेल, पण कॅसेटी ठेवू नयेत. त्या दमट हवेत बुरशी वाढते. वीज गेली तर सारे पहिल्यापासून करावे लागू नये म्हणून प्रत्येक अंकाची फाइल वेगळी केली.

दर्जासाठी हँडब्रेकमध्ये आरएफ (हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला) १८ ठेवला. या मापाच्या चित्राला १८ ते २२ ही मर्यादा योग्य मानली जाते. एका फ्रेममधील नॉइज दुसऱ्या फ्रेमवरून ओळखता येत नाही, त्यामुळे एन्कोडरला प्रत्येक दाणा नव्याने लिहावा लागतो आणि फाइल फुगते. सौम्य फिल्टरनंतर त्याच आरएफला नाटकांच्या फाइली सुमारे एक-तृतीयांशाने लहान झाल्या. फक्त जागा वाचवण्यासाठी फिल्टरचा जोर वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे. डिस्क पुन्हा विकत घेता येते. फिल्टरनंतर काळ्या पडद्यावर छटांचे पट्टे दिसू लागले, कारण आधी दाणाच त्या छटा एकमेकींत मिसळत होता. त्यावर जास्त छटा साठवणारे १०-बिट एच.२६५ एन्कोडिंग हा उपाय लागू पडला. मंडळाचा टीव्ही जुना असल्याने पेन ड्राइव्हवरून दाखवण्यासाठी ८-बिट एच.२६४ ची वेगळी प्रत केली.

११ ऑगस्टच्या सभेत दोन्ही डिस्क सुपूर्द केल्या आणि नोंदवहीत चौदाही कॅसेटी परत आल्याची सही झाली. प्रत्येक फाइलसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवली आहे : कॅसेट क्रमांक, उतरवल्याची तारीख, डीइंटरलेस, फिल्टर, आकडे आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. एकूण खर्च मुद्रांकासह १९,४०० रुपये झाला. डिस्कची पक्की बिले असल्याने ती रक्कम मंडळाने दिली. व्हीसीआरला बिल नव्हते, ती माझ्याकडून. पोळ्याच्या आदल्या रविवारी मंडळात मारबतीची फाइल दाखवली गेली.

इंटरनेटसाठीचा वेगळा अर्जही मी दिला आहे. नाट्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून सभेने लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची, तसेच नटांची संमतिपत्रे मागितली आहेत. दोन नाटकांची मिळाली आहेत. उरलेल्यांसाठी पत्रे गेली आहेत.